रुमालाला तिकीट नसतं

भिंतीएवढ्या पडद्यावर सगळं हिरवंगार होतं आणि फोनवर सिस्टर बोंबलत होती.

"अहो, माझ्यासमोर खुर्च्या रिकाम्या पडल्यात आणि गेटबाहेर माणसं ताटकळतायत! स्क्रीन म्हणते आजच्या सगळ्या जागा भरल्या. कुणी भरल्या? भुतांनी?"

"थांबा सिस्टर, बघते," चिमणी म्हणाली.

"थांबू कशी? लशीची कुपी उघडून बसलेय मी. पहिले पाचसहा जण आले, टोचून घेऊन गेले, मग चिटपाखरू नाही. उघडलेली कुपी म्हणजे काय मीठ आहे का, कधीही वापरा? दुपारपर्यंत फेकावी लागेल."

"मग गेटबाहेरच्यांनाच टोचा ना."

"आणि नाव कुठे चढवू? तुमच्याच साहेबांचं फर्मान आहे, स्क्रीनवर नाव नाही तर सुई नाही. मागे एकीनं दया दाखवली. ती अजून चौकशीच्या चकरा मारतेय. मला नाही मारायच्या. तुम्ही ते यंत्र नीट करा."

फोन आपटल्याचा आवाज आला.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नाही. तिशी उलटून गेली, केसांत पांढरी रेघ आली, तरी एकदा आत्यानं ऑफिसच्या फोनवर "आमची चिमणी आहे का हो तिथं?" असं विचारलं आणि त्या दिवसापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती चिमणीच झाली. लशीसाठी नाव नोंदवायची जी वेबसाइट होती, तिचं आतलं काम ती करायची. शेजारच्या खुर्चीत तिचा सहकारी, त्याला सगळे चष्मा म्हणायचे. त्याचं काम गर्दीवर नजर ठेवायचं. चष्मा हुशार, पण भित्रा. विनोद करून भीती झाकायचा.

"बघ ना," तो पडद्याकडे हनुवटी करत म्हणाला, "असा हिरवा रंग मी लॉनवरसुद्धा पाहिला नाही."

लस होती. सुया होत्या. टोचणारे हात होते. माणसं तर दंड उघडे करून उभी होती. मग मध्ये काय आडवं आलं होतं? एक वेबसाइट. लोकांच्या सोयीसाठी म्हणून केलेली.

आधी ही साइट तळघरातल्या एका खोक्यावर चालायची. पहिल्याच मोठ्या गर्दीत ते खोकं आडवं झालं, लोकांनी सगळ्यांचे आईबाप काढले, आणि मग ठरलं की क्लाउडवर जायचं. साहेबांनी भाषण ठोकलं. त्यात आकाश होतं, झेप होती, नागरिक तर दर वाक्याला होता. आता क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. दुसऱ्याच्या इमारतीतली भाड्याची कॉम्प्युटरं. गर्दी वाढली की आपोआप आणखी कामाला लागतात, गर्दी ओसरली की झोपतात. चीज चांगली आहे, यात वाद नाही. भाषण साहेबांनी केलं आणि काम चिमणी-चष्म्यानं केलं, यातही वाद नाही. आज सकाळी दहाला नवी साइट उघडली. आजच्या, उद्याच्या आणि परवाच्या जागा. सगळं शहर एकदम दारावर आदळलं आणि साइट पडली नाही. टाळ्या झाल्या. पेढ्यांचा विषय निघाला.

आणि बघता बघता सगळीकडे 'जागा भरल्या' अशी पाटी लागली, भिंतीवरच्या पडद्यावर रिकाम्या जागांचा लाल रंग जाऊन हिरवा पसरला.

चिमणीचा मोबाइल थरथरला. आत्या.

"मिळाली गं बये! आपल्या कोपऱ्यावरचाच दवाखाना, उद्या सकाळी. जागा राखून ठेवलीय म्हणतंय. तो कोड तेवढा आला की झालं."

चिमणीच्या छातीवरचा धोंडाच खाली उतरला. "कधीपासून थांबलीयस?"

"बराच वेळ झाला. चहा निवला. पण मी फोन खाली ठेवला नाही, छातीशी धरून बसलेय. संडासला जाईन तरी घेऊन जाईन."

"ठेवूच नकोस."

"मला शिकवते. अगं, आयुष्य गेलं माझं गर्दीत."

ते खरं होतं. आत्या बस कंडक्टर. चिमणीची आई लवकर गेली, बाप कामासाठी गावोगाव. पोरीला वाढवलं आत्यानं, खांद्यावर तिकिटाची पिशवी आणि कडेवर पोर अशा थाटात. आता रिटायर झाली होती आणि तिचं स्वतःचंच रक्त तिच्या मूत्रपिंडांवर उलटलं होतं. पाय सुजायचे, चेहरा सुजायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. औषध आहे, पण ते औषध शरीराची लढायची ताकदच काढून घेतं. ते एकदा सुरू झालं की लस टोचून उपयोग नाही, शरीर तिला दादच देणार नाही. म्हणून आधी लस, मग दोन आठवडे थांबायचं, मग औषध. आणि औषध फार लांबवायचं नाही. याच आठवड्यात लस झाली तर ठीक. नाहीतर मूत्रपिंडं जातील आणि जन्मभर रक्त धुणाऱ्या मशीनला जोडून घ्यावं लागेल. डॉक्टरच्या चिठ्ठीला किंमत नव्हती. सगळ्यांनी साइटवरूनच यायचं, असा समानतेचा नियम होता. समानता म्हणे. एका बोटानं टाइप करणारी म्हातारी आणि दोन अंगठ्यांनी टाइप करणारा पोरगा, दोघं समान.

फोन ठेवला आणि चिमणीच्या डोक्यात खट्कन काहीतरी लागलं.

आत्याला जागा मिळून बराच वेळ झाला होता. चहा निवण्याइतका. आणि जागा अजून तिच्याच नावावर?

"चष्म्या," ती हळू आवाजात म्हणाली, "पक्क्या झालेल्या जागा किती आणि नुसते रुमाल किती, ते वेगळं करून दाखव."

रुमाल हा शब्दही आत्याचाच. साइटवर जागा निवडून कोड मागवला की तो फोनवर येतो, तो भरला की जागा पक्की. तोवर ती जागा अडवून ठेवलेली असते, दुसऱ्या कुणाला दिसत नाही. आत्याला हे समजावून सांगताना ती म्हणाली होती, "म्हणजे रुमाल टाकायचा." तिच्या बसमध्ये लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायचे आणि खाली गप्पा ठोकत उभे राहायचे. आत्या चढली की पहिलं काम, सगळे रुमाल गोळा करून ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला लटकवायची. भांडणं व्हायची. ती एकच वाक्य बोलायची, "रुमालाला तिकीट नसतं. माणूस कुठाय?" चिमणीनं ऑफिसात हा किस्सा सांगितला आणि टीमनं शब्द उचलला.

चष्म्यानं आकडे पाडले. मग चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं.

"पक्के मूठभर," तो म्हणाला. "बाकी सगळे रुमाल. अगं, सगळ्या शहराच्या बसमध्ये नुसते रुमाल बसलेत."

"कोड का जात नाहीत?"

"जातायत. मुंगीच्या पावलानं. कोड पाठवायचं काम त्या फोन कंपनीचं, आणि त्यांची नळी जेवढी आहे तेवढीच. आपण दारं शंभर केली, आत जिना एकच."

"आणि रुमालाची मुदत? ती संपायला हवी होती ना?"

चष्म्यानं तिच्याकडे बघितलं. तिला उत्तर माहीत होतं, कारण उत्तर तिनंच लिहिलं होतं.

जुन्या साइटवर जागा निवडल्याबरोबर घड्याळ सुरू व्हायचं. कोड उशिरा यायचा, तोवर म्हाताऱ्या माणसांची वेळ संपून जायची. चिमणीनं आत्याला स्वयंपाकघरात बसवून करून बघायला लावलं होतं. तिसऱ्यांदा वेळ संपल्यावर आत्यानं फोन गव्हाच्या डब्यावर आपटला. "हे घड्याळ बनवणाऱ्याला म्हातारपण येऊ दे, मग त्याची बोटं बघते." दुसऱ्या दिवशी चिमणीनं मीटिंगमध्ये मांडलं की घड्याळ कोड पोचल्यावर सुरू करू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. माणुसकीची गोष्ट होती, कोण नाही म्हणणार? त्याला नावच पडलं, आत्याचं घड्याळ. चाचणी घेतली ती ऑफिसातल्या ऑफिसात, चकचकीत फोनवर, खिडकीत टॉवर. बटण दाबलं की कोड हजर. कोड आलाच नाही तर काय, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही. कोड आला नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. घड्याळ सुरू झालं नाही तर रुमाल उठत नाही. जन्मात नाही.

जिच्यासाठी केलं, ती त्याच घड्याळाखाली फोन छातीशी धरून बसली होती.

"सगळे रुमाल उचलायचे," चिमणी म्हणाली. "घड्याळ जागा निवडल्यापासून सुरू करायचं, आणि आखूड ठेवायचं. आणि तू दारात रांग लाव. कोड जेवढे जातात तेवढीच माणसं आत सोड. बाकीच्यांना नंबर दे, बाहेर बसव, नंबर पुढे सरकताना दिसू दे. क्लाउडवर हे होतं. आपण दार उघडं टाकायच्या नादात केलं नाही."

"रांगेचं माझ्याकडे तयार आहे. पण सगळे रुमाल म्हणजे… जे तासभर थांबलेत ते सगळे बाहेर?"

"ते आतही नाहीयेत, चष्म्या. त्यांना फक्त वाटतंय."

"मला त्यांचे फोन घ्यायचे नाहीत, एवढंच म्हणतो." मग त्याचा चेहरा बदलला. "तुझी आत्या?"

"तिचाही रुमालच आहे."

"साहेबांना विचार बाई. साइटची किल्ली तुझ्याकडे आहे, मला पापात ओढू नकोस."

साहेबांची केबिन काचेची. आतून सगळे दिसायचे, बाहेरून फक्त आपलंच तोंड दिसायचं. साहेब टाय सरळ करत होते. दुपारी वरचे पाहुणे आणि पत्रकार येणार होते, हिरवा पडदा बघायला.

चिमणीनं उभ्या उभ्या सांगितलं. साहेब ऐकत होते, मान हलवत होते, आरशात बघत होते.

"फोन कंपनीशी बोललोय मी. संध्याकाळपर्यंत वाढवून देतो म्हणाले. तोवर थांबू."

"तोवर उघडलेल्या कुप्या फेकाव्या लागतील. सिस्टर लोकांचे फोनवर फोन येतायत."

"दोनचार कुप्या गेल्या तर आभाळ कोसळत नाही. आता तू हजारो लोकांना बाहेर फेकलंस तर दुपारपर्यंत बोंब होईल. आणि दुपारी कोण येतंय माहीत आहे ना?"

"बोंब आत्ताच चालू आहे साहेब. फक्त पडद्यावर दिसत नाहीये. मी रुमाल सोडते."

"सगळे?" त्यांचा हात टायवरच थांबला.

"सगळे. निवडून सोडत बसायला वेळ नाही."

साहेबांनी दार लोटून घेतलं. आवाज एकदम मऊ झाला. या माणसाचा आवाज मऊ झाला की समजायचं, कुठंतरी सुरी आहे.

"आपले ठेव."

"आपले म्हणजे?"

"हे बघ. मोठ्या रुग्णालयातल्या काही जागा मी काल संध्याकाळीच धरून ठेवल्यात. आपली माणसं आहेत. वरच्यांच्या घरची. त्यांना असं रांगेत बसवता येतं का?"

"पण साइट तर आज उघडली. आणि काल धरलेली जागा आजपर्यंत राहते, हे तुम्हाला…" ती थांबली. "तुम्हाला माहीत होतं. कोड मागवलाच नाही तर घड्याळ लागत नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

"परवा चाचणीत लक्षात आलं."

"मग सांगितलं का नाही?"

"सगळ्याच गोष्टी सांगायच्या नसतात. काही उपयोगी पडतात."

चिमणीला वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलावा. तिची चूक निदान एका म्हातारीच्या दयेपोटी तरी झाली होती. या गृहस्थानं ती चूक बघितली, झाकली आणि वर तिच्यावर स्वतःची सतरंजी अंथरली. असली माणसं चोरीही करत नाहीत हो. कडी लागत नाही म्हणून कळलं तर घरमालकाला सांगत नाहीत, एवढंच करतात.

"तुझी आत्या आजारी आहे ना?" साहेब म्हणाले. "तिची जागा आहे आत?"

तिची नजर काचेतून बाहेरच्या पडद्याकडे गेली.

"आहे तर. मग तिचीही ठेव. नव्हे, पक्कीच करून टाक आतून. एक ओळ लिहायची. मी बघितलं नाही, तू केलं नाहीस. आपण काय दगड आहोत का? ज्याला त्याला आपलं माणूस असतं."

बाहेर येऊन ती खुर्चीत बसली. तिनं आत्याचा नंबर टाकला. आत्याची जागा समोर आली. कोपऱ्यावरचा दवाखाना, उद्या सकाळ. शेजारी शब्द, 'राखीव'. त्याच्या जागी 'पक्की' लिहायचं. बस्स. कुणाला कळणार होतं? आणि कळलं तरी कोण म्हणणार होतं की बाईला जगायचा हक्क नाही? आत्यानं तिच्यासाठी काय काय केलं होतं. शेवटच्या फेरीहून येऊन तिची वेणी घालायची. स्वतःचे सुजलेले पाय उशीवर ठेवून तिला पाढे म्हणायला लावायची. त्या पायांपुढे साहेब काय आणि नियम काय.

तिचं बोट कीबोर्डवर होतं.

पण एक ठेवला की बाकीच्यांना कुठल्या तोंडानं उठवणार? हा एक रुमाल ठेवला की साहेबांचे सगळे ठेवावे लागतात. आज ठेवले की उद्या परत. उद्या साहेब येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणतील, "आपण दोघंही समजूतदार." त्या हाताची कल्पना करूनच तिला शिसारी आली. त्यात न्याय किती आणि किळस किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मोबाइल थरथरला. तिनं कानाला लावला.

"अगं, अजून कोड नाही. पण जागा आहे हो, दिसतेय मला. सोडत नाही मी."

"आत्या…"

"काय गं? आवाज का असा?"

"काही नाही. फोन चालू ठेव."

चिमणीनं चष्म्याकडे बघितलं. चष्म्यानं डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात कसलासा देव आठवला आणि अंगठा वर केला. रांग तयार होती.

तिनं बटण दाबलं.

पडद्यावरचा हिरवा रंग क्षणात उडाला. पिवळा, मग लाल, सगळीकडे लाल. कानात आत्याचा आवाज फाटला.

"अगं! गेली! जागा गेली! आत्ता होती, माझ्या डोळ्यादेखत होती! कुठल्या मुडद्यानं…"

"मी."

"काय?"

"मीच काढली आत्या. तुझी, सगळ्यांची. सगळे रुमाल उचलले. कोड येतच नव्हते, जागा अडून बसल्या होत्या. दवाखान्यात खुर्च्या रिकाम्या आहेत आणि लस वाया चाललीय."

पलीकडून नुसता श्वास, हल्ली चालताना यायचा तसा धापेचा.

"माझासुद्धा फेकलास," आत्या शेवटी म्हणाली.

"हो."

"आतून ठेवता आला असता?"

चिमणीला खोटं बोलायचं होतं. "आला असता."

"हं." परत तो श्वास. "शिव्या तुला नंतर घालते. आता काय करायचं ते सांग."

"परत साइट उघड. नंबर येईल. तो सरकत जाईल. फोन ठेवू नकोस."

केबिनचं दार उघडल्याचा आवाज झाला, पण चिमणीनं वळून बघितलं नाही. ती पडद्याकडे बघत होती. लाल रंगात एक जागा पक्की झाली. मग दुसरी. मग मुंग्यांचं वारूळ फुटावं तशा. चष्मा रांगेचा नळ सोडत होता, कोड जात होते, आखूड घड्याळं वाजत होती, ज्यांनी वेळेत भरलं नाही त्यांच्या जागा फटाफट दुसऱ्यांना दिसत होत्या. टेबलावरचा फोन वाजला. सिस्टर.

"आली हो माणसं! गेटवरचीच! नावं यायला लागली. कुणी केलं हे?"

"भुतांनी," चष्मा म्हणाला आणि फोन ठेवला.

साहेब तिच्या मागे उभे होते. आवाज मऊ नव्हता. "कार्ड काढ. किल्लीचं कार्ड. इथं, टेबलावर. घरी जा. चौकशी लागेल, ती लागेल. कुणाला विचारून केलंस?"

"तुम्हाला विचारलं होतं की."

"मी नाही म्हणालो होतो."

"तेही सांगीन चौकशीत. का नाही म्हणालात तेही."

साहेबांच्या मानेची शीर फुगली. चष्मा कीबोर्डमध्ये तोंड खुपसून बसला होता. बसणारच. चिमणीनं गळ्यातलं कार्ड काढून ठेवलं, डबा उचलला आणि निघाली.

घरी पोचली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या खिडकीपाशी खुर्चीत, पाय स्टुलावर, घोट्यापाशी सूज चढलेली, फोन दोन्ही हातांत. वर बघितलंसुद्धा नाही.

"बोलू नकोस. नंबर जवळ आलाय."

चिमणी चपला न काढता उभी राहिली. तिच्याकडे आता किल्ली नव्हती. रस्त्यावरच्या कुणाही माणसाइतकीच तीही बाहेर होती.

"आत सोडलं," आत्या म्हणाली. मग तिचं तोंड उतरलं. "कोपऱ्यावरचा दवाखाना नाहीये. भरला."

"दुसरा बघ. खाली सरकव."

"भरला. भरला. हाही भरला." बोट खाली खाली जात होतं. "उद्याचं काहीच नाही. परवा… परवा एक आहे. कुठलं हे? डेपोजवळचं केंद्र. शहराच्या त्या टोकाला."

"दाब! दाब ना लवकर!"

"ओरडू नकोस, बोट चुकतं."

तिनं दाबलं. जागा राखीव झाली आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ सुरू झालं. चिमणीनं सकाळी आखूड केलेलं घड्याळ. किती आखूड, ते तिला पाठ होतं. तेव्हा ती सगळ्या शहराचा विचार करत होती. आता समोर एकच बोट होतं, सुजलेलं, अंगठी रुतलेलं.

कोड आला. टण्ण.

"आला!" आत्यानं मेसेज उघडला, आकडे पुटपुटली, परत मागे यायला गेली आणि भलतीकडेच गेली. सगळं पांढरं झालं.

"दे इकडे!" चिमणीनं हात पुढे केला.

आत्यानं तिच्या हातावर फटका मारला. चांगला सणसणीत. "हात काढ. माझं तिकीट मी फाडते."

"आत्या, वेळ संपेल!"

"संपू दे. तुझंच घड्याळ आहे ना?"

ती परत साइटवर आली. पहिला आकडा. दुसरा. तिसरा चुकला, पुसला, परत घातला. चिमणीला बघवेना. तिनं खिडकीबाहेर बघितलं, तिथं काहीच घडत नव्हतं, म्हणून परत बोटाकडे बघितलं. घड्याळ लाल झालं. शेवटचा आकडा टाकताना आत्याची जीभ दातांमध्ये आली होती, तिकिटाच्या पैशांचा हिशोब करताना यायची तशी.

तिनं बटण दाबलं. पांढरं वर्तुळ फिरत राहिलं. फिरत राहिलं.

"पक्की," आत्या म्हणाली.

चिमणीनं तेव्हा कुठं चपला काढल्या आणि जमिनीवर बसली. परवा लस, मग दोन आठवडे, मग औषध. डॉक्टरांनी आखलेल्या वेळेच्या अगदी काठावर, पण आत. काठावरची माणसं पडतातही. ते आता कुणाच्याच हातात नव्हतं.

चष्म्याचा मेसेज आला. पाहुणे येऊन गेले. पडदा परत हिरवा झाला होता. रांगेची कल्पना आपल्याच केबिनमध्ये सुचली, असं साहेबांनी पत्रकारांना सांगितलं, फोटो निघाले. मोठ्या रुग्णालयातल्या त्या जागा लोकांनी केव्हाच नेल्या होत्या, त्याबद्दल मात्र साहेब काही बोलले नाहीत. खाली चष्म्यानं लिहिलं होतं, 'चौकशीत मला बोलावलं तर मी खरं सांगीन. बहुतेक.'

चिमणीनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"बहुतेक," आत्या म्हणाली. "बरा आहे मुलगा. नोकरी गेली का तुझी?"

"माहीत नाही. कार्ड घेतलं."

आत्यानं पाय स्टुलावरून खाली घेतले, तोंड वेडंवाकडं करत. पोरीकडे बघितलं. तिला राग आला होता, तो चेहऱ्यावर होता आणि ती तो लपवत नव्हती.

"माझी जागा घालवलीस," ती म्हणाली. "कोपऱ्यावर चालत गेले असते. आता या पायांनी दोन बस बदलायच्या. हे मी विसरणार नाही."

"नको विसरूस."

"तू येणार आहेस ना बरोबर?"

"येणार. सुट्टीच आहे मला."

"मग लवकर निघू. डेपोच्या बसला सकाळी मरणाची गर्दी असते."

"मी पुढे जाऊन सीट धरते."

"धरून तर बघ," आत्या म्हणाली आणि निवलेला चहा गरम करायला उठली.